‘आज रात्री आकाशात दुर्मीळ दृश्य!’ : बातमी वाचून तुम्ही गच्चीवर जाता का?

गच्चीकर | ५ डिसेंबर २०२५, सकाळी ९:१०

काल दत्तजयंती. जन्मकाळ झाला, सुंठवडा हातात पडला आणि तेवढ्यात सोसायटीच्या गटावर बातमी येऊन आदळली: ‘आज महाचंद्र! १४ टक्के मोठा, ३० टक्के तेजस्वी! चुकवू नका!’ लगेच मला फोन सुरू झाले, कारण अख्ख्या बिल्डिंगमध्ये बायनॉक्युलर माझ्याकडेच आहे.

साडेसातला गच्चीवर अकरा जण. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पाच मिनिटं चंद्राकडे टक लावून बघितलं आणि विचारलं, “छान आहे हो, पण मोठा कुठाय?”

प्रश्न बिनतोड. ते १४ टक्के असतात वर्षातल्या सगळ्यात लहान पौर्णिमेच्या तुलनेत. यंदा ती एप्रिलमध्ये होती, हनुमान जयंतीला. तेव्हा चंद्र चार लाख किलोमीटरच्या पलीकडे होता, काल सुमारे ३ लाख ५७ हजारांवर. हनुमान जयंतीचा आणि दत्तजयंतीचा चंद्र शेजारी शेजारी टांगता आले असते तर फरक डोळ्यात भरला असता. एकटा चंद्र बघून तो कुणालाच कळत नाही.

पण काकू खाली गेल्या नाहीत. चंद्राच्या खाली लालसर रोहिणी दाखवली. आठच्या सुमारास समोरच्या टॉवरच्या बाजूने मृग वर यायला लागला. मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला चंद्र मृगाच्या आसपास असतो, म्हणून महिन्याचं नाव मार्गशीर्ष, असं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “चाळीस वर्षं मार्गशीर्षातले गुरुवार करतेय, हे कुणी सांगितलंच नव्हतं.” आणि काल गुरुवारच होता! पुढे पाऊण तास थांबल्या.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. बातमी फुगवलेली होती, पण अकरा माणसांना वर आणलं तिनेच. म्हणून विचारतोय: आकाशाच्या कुठल्या बातमीने तुम्हाला घराबाहेर काढलं, आणि बाहेर गेल्यावर काय मिळालं?

सुगंधी_चहा | ५ डिसेंबर, ९:२२

रुमाल टाकून ठेवते. संध्याकाळी सविस्तर लिहिते.

दुर्बीणवाला | ५ डिसेंबर, १०:०५

मी असहमत, आणि जरा जोरात असहमत. फुगवलेल्या बातमीने माणसं एकदा वर येतात, दुसऱ्यांदा येत नाहीत.

२०१३ साली आयसॉन धूमकेतू येणार होता. ‘शतकातला धूमकेतू’, ‘दिवसाउजेडी दिसणार’, काय काय छापलं होतं. मी शाळेतल्या साठ मुलांना पहाटे टेकडीवर न्यायचं ठरवलं होतं, बस सांगून ठेवली होती. २८ नोव्हेंबरला तो सूर्याजवळून गेला आणि तिथेच फुटून विरला. धूमकेतूचा दोष नाही, त्यांचं काही सांगता येत नाही हे जुन्या निरीक्षकांना माहीत असतं. पण पुढच्या वर्षी मुलांना उल्कावर्षावाला बोलावलं तर अर्धी म्हणाली, “सर, त्या वेळीपण तुम्ही असंच म्हणाला होतात.”

मंगळाचं तर विचारूच नका. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीच्या जवळपास ६० हजार वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला, ५.५८ कोटी किलोमीटर. मूळ मजकूर असा होता की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. वाक्य बरोबर होतं. पुढे कुणीतरी दुर्बिणीचा भाग गाळला, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं ऑगस्ट आला की ‘आकाशात दोन चंद्र’ दारात हजर!

सुगंधी_चहा | ५ डिसेंबर, १०:१८

म्हणजे मंगळाचं एक वाक्य कापलं आणि चंद्र जुळा झाला :)

वैदर्भी | ५ डिसेंबर, ११:४०

माझ्या बाबतीत उलटं झालं. आधी आकाश, मग बातमी.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. आम्ही ब्रह्मपुरीकडे आत्याच्या घरी होतो. दिवसभर ऊन मरणाचं, म्हणून संध्याकाळी सगळे अंगणात खाटा टाकून बसलेले. पावणेआठच्या सुमारास आकाशातून जळत्या निखाऱ्यांची एक रांगच्या रांग निघाली. पुढे मोठे दोन-तीन, मागे बारीक, प्रत्येकाला शेपूट. आवाज काही नाही. आत्याने हात जोडले, आतेभाऊ मोबाईल शोधत बसला, मी नुसती बघत राहिली.

दहा मिनिटांत सगळ्या गटांवर ‘उल्कापात!’ दुसऱ्या दिवशी कळलं की सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला मोठीच्या मोठी धातूची रिंग पडली, आणखी ठिकाणी गोळे सापडले. चिनी रॉकेटचा तो टप्पा होता म्हणे, वर्षभर वर फिरत राहिलेला.

बातमी चुकली होती, पण ज्यांनी ते बघितलं त्यांना अजून पाडवा आला की तेच आठवते. श्रीखंडाची वाटी हातात तशीच राहिली होती माझ्या.

दुर्बीणवाला | ५ डिसेंबर, १२:०२

वैदर्भी, फार छान लिहिलंत. आणि ओळखायची खूणही तुमच्याच वर्णनात आहे. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने घुसते, म्हणून एक-दोन सेकंदांत खेळ खलास. ‘ती बघ’ म्हणेपर्यंत गेलेली असते. यानांचा कचरा सेकंदाला सात-आठ किलोमीटरने, जवळजवळ आडवा येतो. त्यामुळे तो सावकाश जातो, वाटेत तुकडे होतात आणि आत्याला हात जोडायलाही वेळ मिळतो.

देवगडचो | ५ डिसेंबर, १३:१५

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी रात्री बंदरावर होतो, तर आकाशात दिव्यांची सरळ रेघ. पन्नासेक दिवे, एका मागोमाग एक, सारख्या अंतरावर. एक तांडेल म्हणाला, “कोकण रेल्वे थेट वरून वळवली रे!” नंतर वाचलं, इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे नवे सोडलेले उपग्रह. पहिले काही दिवस ते असे माळेने जातात, मग पांगतात.

खरं सांगू, मला ते बघायला मजा आली, पण परत येताना बरं नाही वाटलं. होडीवर दिवा मालवला की आमच्या डोक्यावर जे आकाश असतं ते आम्हाला फुकटात मिळालेलं आहे. त्यात इतके दिवे कुणी कुणाला विचारून लावले?

निरभ्र | ५ डिसेंबर, १३:५०

देवगडचो, तुमच्या प्रश्नाला +१. वेधशाळांच्या फोटोंवर त्या उपग्रहांच्या रेघा उमटतात, त्यावर मोठा वाद चालू आहे.

अवांतर: आपल्या राज्यात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारी जागा म्हणून, मान्यता मिळाली, देशातली पहिली. आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करून बसवले. ही आकाशाची बातमी मला सगळ्यात मोठी वाटली, आणि आतल्या पानावर चार ओळीत संपली होती.

सोलापूरकरीण | ५ डिसेंबर, १६:३०

माझी गोष्ट यंदाचीच. ७ सप्टेंबरचं खग्रास चंद्रग्रहण. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. मला सातवा महिना होता. टीव्हीवर दिवसभर गर्भवतींनी काय करू नये याची यादी. सासूबाईंनी संध्याकाळीच सांगितलं, “तू आतल्या खोलीत झोप, हातात सुरी-कात्री काही नको.”

मी वाद घातला नाही. फक्त म्हटलं, “आई, पृथ्वीची सावली चंद्रावर पडणार आहे. त्या सावलीत तुम्ही, मी आणि हे पोट, तिघंही आहोत. रोज रात्री आपण त्याच सावलीत झोपतो.” त्या काही बोलल्या नाहीत. अकराला मी गच्चीत गेले. ढग येऊन-जाऊन. मधेच पडदा सरकला आणि चंद्र असा दिसला, विझत आलेल्या चुलीतल्या निखाऱ्यासारखा. मागे वळून बघते तर आई दारात, पदर डोक्यावरून घेतलेला. म्हणाल्या, “तांबडा का गं?”

मी वाचलेलं सांगितलं. सूर्याचा उजेड पृथ्वीच्या कडेने, आपल्या हवेतून वाकून तिथे पोचतो आणि वाटेत निळा गळून जातो. म्हणजे त्या घटकेला पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवतोय आणि मावळतोय, तो सगळा रंग चंद्रावर पडलेला असतो. त्यांनी सव्वाबारापर्यंत बघितलं. मग न्हाणीघरात जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं, ते त्यांचं. मला कुणी ते करायला लावलं नाही.

लेक झाली आहे, नोव्हेंबरअखेर. ठणठणीत आहे.

सुगंधी_चहा | ५ डिसेंबर, १६:४१

सोलापूरकरीण, अभिनंदन! हा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. तिने तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगितलाय.

जुनाजाणता | ५ डिसेंबर, १८:२०

ग्रहणाचा विषय निघालाच आहे तर १९८० सांगतो. १६ फेब्रुवारी, शनिवार. मी अकरा वर्षांचा, गिरगावात. मुंबईत खंडग्रासच होतं, पण रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुकानं बंद, बस रिकाम्या. लोकांनी घरात राहावं म्हणून दूरदर्शनने दुपारी चित्रपट लावला होता आणि चाळीतले सगळे एका खोलीत तो बघत बसले होते.

माझे मामा मात्र कारवारला गेले होते, खग्रास पट्ट्यात. परत आल्यावर ते दोन दिवस नीट बोललेच नाहीत. आजी म्हणाली दृष्ट लागली. मामा म्हणाले, “बाळ, भर दुपारी शुक्र बघितला मी.” आजीचं घाबरणं खरं होतं, मामाचं गप्प होणंही खरं. पण चित्रपट नंतर पुन्हा दहा वेळा लागला, ती दुपार काही परत आली नाही.

डॅलसची_ताई | ६ डिसेंबर, ०७:०५

जुनाजाणता, तुमच्या मामांचं गप्प होणं मला कळतं.

८ एप्रिल २०२४ ला सूर्यग्रहणाचा पट्टा आमच्या घरावरून गेला. पुढच्या दिवशी पाडवा, म्हणून मंडळाच्या कार्यक्रमाची तयारी चाललेली. बातम्यांचा इतका मारा झाला होता की कंटाळा आला होता. त्यात सकाळपासून ढग. दुपारी ढग फाटले. ९९ टक्के झाकेपर्यंत मला वाटत होतं, बरं आहे, संध्याकाळ झाल्यासारखं आहे. आणि मग सूर्याच्या कडेवरचा उजेडाचा शेवटचा मणी विझला.

पावणेचार मिनिटं. काळं छिद्र, भोवती पांढरे केस पसरल्यासारखा प्रभामंडल, कडेला गुलाबी ठिणगी नुसत्या डोळ्यांना दिसणारी, बाजूला शुक्र, गुरू. रस्त्यावरचे दिवे आपोआप लागले. शेजारचा कुत्रा दारात जाऊन बसला. माझा चौदा वर्षांचा मुलगा, जो एरवी फोनमधून मान वर काढत नाही, तो माझा हात धरून उभा होता.

तेव्हा दुर्बीणवाला, एवढंच म्हणेन की काही बातम्या फुगवताच येत नाहीत, त्या कमीच पडतात. ९९ आणि १०० मध्ये एका टक्क्याचा फरक नसतो, रात्र आणि दिवसाचा असतो.

आईपण | ६ डिसेंबर, १०:३०

धागा छान चाललाय, पण मला एक विचारायचंय. यंदा फेब्रुवारीत ‘लघुग्रह पृथ्वीवर आदळणार’ अशा बातम्या होत्या. रोज टक्के वाढत होते. माझा सहावीतला मुलगा खरंच घाबरला, २०३२ मध्ये आपण कुठे असू असं विचारायला लागला. मग एके दिवशी अचानक ‘धोका टळला’. त्याने विचारलं, “म्हणजे शास्त्रज्ञांचं चुकलं होतं?” मला उत्तर देता आलं नाही.

निरभ्र | ६ डिसेंबर, ११:५५

आईपण, चुकलं नव्हतं. त्याला असं सांगून बघा.

एक म्हैस हरवली आहे. शंभर गावांपैकी कुठल्यातरी एका गावात आहे, एवढंच ठाऊक. ती आपल्या गावात असण्याची शक्यता शंभरात एक. मग शोध सुरू होतो. पन्नास गावं धुंडाळली, नाही मिळाली. आता आपल्या गावाची शक्यता पन्नासात एक. बत्तीसच गावं उरली तर बत्तिसात एक, म्हणजे ३.१ टक्के. आकडा वाढला, पण म्हैस जागची हललेली नाही. शोधायची जागा आकसली. आणि मग पुढच्या फेरीत आपलं गाव बघून होतं, तिथे म्हैस नाही, की शक्यता एकदम शून्य.

त्या लघुग्रहाचं, २०२४ वायआर४ चं, अगदी हेच झालं. २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या दुर्बिणीला तो सापडला. २२ डिसेंबर २०३२ च्या सुमारास तो कुठे असेल याचा पट्टा आधी खूप लांब होता आणि पृथ्वी त्या पट्ट्यात होती. निरीक्षणं वाढली, पट्टा आखडत गेला, पृथ्वी अजून आतच, म्हणून १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के. आणखी निरीक्षणं आली, पृथ्वी पट्ट्याबाहेर पडली. शास्त्रज्ञ जे शोधत होते ते त्यांना सापडलं.

वृत्तवाहिन्यांनी रोजचा टक्का सांगितला, म्हैस कुणीच सांगितली नाही.

आईपण | ६ डिसेंबर, १९:१०

म्हैस पोचली! मुलगा आता मला उलट समजावतोय. आणि विचारतोय की २०२९ चा अपोफिस लघुग्रह म्हणजे कुठली म्हैस?

निरभ्र | ६ डिसेंबर, १९:४४

ती दावणीला बांधलेली म्हैस! २००४ साली तिचीही शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती, आता मार्ग पक्का माहीत आहे. १३ एप्रिल २०२९ ला अपोफिस पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. आपले टीव्हीचे उपग्रह ३६ हजारांवर असतात, त्यांच्याही आतून. युरोप-आफ्रिकेतल्या लोकांना तो नुसत्या डोळ्यांनी सरकताना दिसेल. मुलाला म्हणावं, भूगोलाची वही जपून ठेव, तेव्हा दहावीच्या आसपास असशील.

मिसळपाव_नको_पुरणपोळी | ७ डिसेंबर, ०९:००

१९ तारखेला परग्रहवासीयांचं यान येतंय ना? आमच्या ऑफिसात पैजा लागल्यात.

दुर्बीणवाला | ७ डिसेंबर, ०९:३५

३आय/अ‍ॅटलास. यान नाही, धूमकेतू आहे. धुळीचा आणि वायूंचा पिसारा आहे, वागणं धूमकेतूचं. १९ तारखेला ‘जवळ’ म्हणजे २७ कोटी किलोमीटर, सूर्यापेक्षा जवळजवळ दुप्पट लांब.

पण मला वाईट याचं वाटतं की खरी बातमी त्या यानाखाली गाडली गेली. दुसऱ्या कुठल्यातरी ताऱ्याभोवती तयार झालेला बर्फाचा गोळा, कधीतरी घर सुटलेला, आपल्या अंगणातून एकदाच जाणार. असे पाहुणे आजवर फक्त तीन सापडलेत, २०१७, २०१९ आणि हा. यात परग्रहवासी कशाला हवेत?

पुणेरी_पोस्टकार्ड | ७ डिसेंबर, १२:१५

चांगल्या बातम्याही सांगा रे. पुण्यातल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या दोन संशोधकांना जेम्स वेब दुर्बिणीच्या माहितीत एक सर्पिल दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा समूह) सापडली, विश्व अवघं १५० कोटी वर्षांचं होतं तेव्हाची. इतक्या लवकर असे रेखीव बाहू असलेली दीर्घिका असेल असं वाटत नव्हतं. नाव ठेवलंय अलकनंदा, कारण हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात आणि या दोघी हिमालयातल्या बहिणी. वाचून दिवसभर छान वाटत होतं.

आणि मे महिन्यातली वाईट बातमी, नारळीकर सर गेले. लहानपणी व्याख्यानानंतर मी सही मागितली होती. ते मुलांना सांगायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर देईन, त्याखाली सही असेल. मी विचारलं होतं, रात्री आकाश काळं का. उत्तर आलं, सहीसकट. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे.

गच्चीकर | ७ डिसेंबर, १३:०५

पोस्टकार्ड, घशात आवंढा आला.

मूळ प्रश्नाकडे येतो, आणि दुर्बीणवाल्यांचा मुद्दा मान्य करून एक प्रयोग सुचवतो. शनिवारी १३ च्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव आहे, वर्षातला सगळ्यात भरवशाचा. सोसायटीच्या गटावर बातमी या वेळी मीच लिहिणार: “तासाला १२० हा आकडा छापून येईल, तो काळ्याकुट्ट आकाशासाठी, आणि मिथुन रास थेट डोक्यावर असेल तेव्हाचा. आपल्याकडे तासाला पाच-सात दिसतील. चटई आणा, मोबाईल खाली ठेवा, वीस मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. गुरू सध्या मिथुनेतच आहे, तो ठळक दिसेल.” बघू किती जण येतात. तुम्हीही आपापल्या गावातून कळवा.

दुर्बीणवाला | ७ डिसेंबर, १३:२०

अशी बातमी असेल तर माझी बिनशर्त सहमती. मी वांगणीजवळ असेन. शाळेतली बावीस मुलं यायला तयार आहेत. या उल्का धूमकेतूच्या नाहीत, फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या धुळीच्या आहेत, हेही सांगा लोकांना.

देवगडचो | १४ डिसेंबर, ०६:१०

बंदर. ११ ते २. मोजणं सोडलं. एक हिरवट, पाण्यावर उजेड पडला असा. बाकी नंतर, झोप येताहा.

वैदर्भी | १४ डिसेंबर, ०८:३०

आम्ही पेंचला सिल्लारीकडे गेलो. थंडी अशी की दोन ब्लँकेट पुरले नाही. तासाला साठेक तरी. आतेभावाने या वेळी मोबाईल काढलाच नाही.

दुर्बीणवाला | १४ डिसेंबर, ०९:१५

वांगणी, बावीस मुलं, तीन तासांत १०४. प्रत्येकाला आकाशाचा एक तुकडा वाटून दिला होता, नोंदी वहीत आहेत. दोघं जण ‘सर, पुढची कधी’ विचारत होते.

गच्चीकर | १४ डिसेंबर, १०:४०

आमची गच्ची: तीन तासांत १९. माणसं सतरा! तासाला पाच-सात म्हणून बोलावलं तरी सहा जण वाढले.

काकूंनी सतरंजी आणि आल्याचा चहा आणला. पहिली उल्का त्यांनाच दिसली, मृगाच्या बाजूने व्याधाकडे गेली. पुढचं सगळं मोजणं त्यांनी हाती घेतलं. कुणी उगाच ‘दिसली’ म्हटलं की “कुठून कुठे गेली ते सांग” अशी उलटतपासणी. तिघांच्या उल्का बाद केल्या त्यांनी.

खाली उतरताना विचारत होत्या, आता पुढचं काय. सांगितलं, ३ मार्चला चंद्र ग्रहण लागलेलाच उगवणार आहे. आपल्याकडे तो वर येईपर्यंत पावणेसात वाजतात, ग्रहण संपत आलेलं असेल; नागपूरकडे चंद्र आधी उगवतो, तिथे वीस-पंचवीस मिनिटं मिळतील.

वैदर्भी, काकू विचारताहेत, तुमच्याकडे एक रात्र उतरायची सोय होईल का?

वैदर्भी | १४ डिसेंबर, १०:५२

काकूंना म्हणा, खाट अंगणातच टाकून ठेवते.